कॉम्प्युटरचा पंखा जरासा फिरून थांबतोय म्हणजे मदरबोर्डच गेला असं नसतं

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात परत मांडतो, म्हणजे बाकी वाचणाऱ्यांनाही कळेल. चिपळूणजवळ दुकान आहे, आय-थ्री दहाव्या जनरेशनचा असेंबल केलेला डेस्कटॉप, ८ जीबी रॅम, वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही, टॅली आणि बिलिंग सगळं त्याच्यावरच. रात्री विजा कडाडल्या, लाइट दोन-तीनदा गेली-आली, सकाळी बटण दाबलं तर पंखा अर्धा-एक सेकंद हलतो आणि थांबतो, थोड्या वेळाने आपोआप परत हलतो, परत थांबतो. मॉनिटर काळाच. जवळच्या रिपेअरवाल्याने रॅम काढून-घालून बघितली आणि 'बोर्ड गेला, आता प्रोसेसरपण बदलावा लागेल' असं सांगितलं. त्याचं ऐकायचं का, हे तुम्ही विचारताय.

लगेच नका ऐकू. बोर्ड गेलेला असू शकतो, मी नाही म्हणत नाही, विजेनंतर जातातही. पण तुम्ही जेवढं लिहिलंय तेवढ्यावरून एसएमपीएस (कॅबिनेटमधला पॉवर सप्लायचा डबा) गेला की बोर्ड गेला की कुठेतरी साधा शॉर्ट आहे हे कोणालाच सांगता येणार नाही, आणि रॅम काढून-घालून तर अजिबातच कळणार नाही. बोर्ड गेला हे आम्ही शेवटी म्हणतो, बाकी सगळं तपासून बाजूला काढल्यावर, कारण बोर्ड सरळ तपासायचं साधन साध्या दुकानात नसतंच.

आता थोडं समजून घ्या मशीन चालू होताना काय होतं, कारण ते कळलं की पुढचं सगळं तुम्ही स्वतः करू शकाल. तुम्ही बटण दाबायच्या आधीपासूनच एसएमपीएसमधून बोर्डला ५ व्होल्टची एक बारीक लाइन चालू असते, जांभळ्या वायरची. म्हणून तर कॉम्प्युटर बंद असला तरी कधीकधी माऊसचा लाल दिवा पेटलेला दिसतो. बटण दाबलं की बोर्ड २४ पिनच्या कनेक्टरमधली हिरवी वायर ग्राउंडला जोडतो, तो इशारा मिळाला की एसएमपीएस पिवळ्या वायरवर १२, लाल वायरवर ५ आणि केशरी वायरवर ३.३ व्होल्ट सोडतो, आणि सगळी व्होल्टेज जागेवर आली की राखाडी वायरवरून 'झालं, आता सुरू कर' असा सिग्नल देतो. ह्याला साधारण १०० ते ५०० मिलिसेकंद लागतात. मग कुठे प्रोसेसर जागा होतो, बायोस (बोर्डावरचा सुरुवातीचा प्रोग्राम) वाचतो, रॅम तपासतो, डिस्प्ले देतो आणि सगळ्यात शेवटी डिस्क शोधून विंडोज उचलतो.

तुमचा पंखा हलतोय. म्हणजे जांभळी लाइन आहे, बटण चांगलं आहे, बोर्डाने हिरवी वायर ओढली आणि एसएमपीएसने निदान प्रयत्न तरी केला. एवढं सगळं शाबूत आहे हे त्या अर्ध्या सेकंदानेच सांगितलं. आणि अर्ध्या सेकंदात बंद पडतोय म्हणजे रॅमपर्यंत गाडी गेलेलीच नाही. रॅमचा घोळ असला की पंखा चालूच राहतो आणि डिस्प्ले येत नाही, नाहीतर पाच-दहा सेकंद चालून मशीन रिस्टार्ट मारत राहतं. कोकणात पावसाळ्यात रॅमच्या सोनेरी पट्ट्यांवर थर चढतो हे खरंय, खोडरबर फिरवून साफ केली की चालूही होतं, पण ती तक्रार वेगळी. म्हणून आधी पंखा किती वेळ फिरतो ते नीट बघा, मोबाईलवर व्हिडिओ काढा हवं तर, कारण अर्धा सेकंद आणि सहा सेकंद ह्यात सगळं निदान बदलतं.

अर्ध्या सेकंदात बंद होणं हे बहुतेक वेळा एसएमपीएसचं प्रोटेक्शन असतं. घरात कुठे शॉर्ट असला की एमसीबी खाली पडतो ना, वर केला की परत पडतो, तसंच. आणि तिथे वायरमन काय करतो? घरातली सगळी बटणं बंद करतो, एमसीबी वर करतो, मग एकेक चालू करत जातो, ज्याने पडला तो चोर. इथेही तेच करायचंय, फक्त एक जास्तीची शक्यता धरून की एमसीबीच खराब असेल, म्हणजे एसएमपीएसच.

सुरुवात बाहेरून करा. यूपीएस बाजूला ठेवा आणि कॅबिनेटची पॉवर केबल सरळ भिंतीच्या सॉकेटमध्ये लावा. दुकानातले छोटे ६०० व्हीएचे यूपीएस असतात त्यांची बॅटरी दोन-तीन वर्षांत जाते, आणि मेलेल्या बॅटरीचा यूपीएस फार विचित्र वागतो. मागच्या बाजूला लाल सरकणारं बटण असेल, ११५ आणि २३० लिहिलेलं, तर ते २३० वरच आहे ना बघा, नव्या एसएमपीएसना ते नसतं. मग केबल काढून पॉवर बटण अर्धा मिनिट दाबून धरा. हा काही जादूटोणा नाही, काही एसएमपीएस एकदा ट्रिप झाले की आतलं लॉक तोपर्यंत सुटत नाही जोपर्यंत मेन सप्लाय पूर्ण तुटून आतले कपॅसिटर (चार्ज साठवणारे भाग) रिकामे होत नाहीत, आणि बटण दाबल्याने तो उरलेला चार्ज निघून जातो. विजेच्या रात्रीनंतर एवढ्यानेच चालू झालेली मशीन असतात. पण केबल काढलेली असू द्या, नाहीतर काही उपयोग नाही.

त्याचवेळी मागून सगळं काढा. प्रिंटर, पेन ड्राइव्ह, बारकोड स्कॅनर, टॅलीचं डोंगल असेल तर तेसुद्धा, आणि मुख्य म्हणजे लॅनची (इंटरनेटची) केबल. ही लॅनची गोष्ट लोक विसरतात. वीज आली म्हणजे ती लाइटच्या वायरमधूनच आली असं धरून चालतात, पण गावाकडे ब्रॉडबँडची केबल खांबावरून, झाडावरून, पत्र्यावरून आलेली असते, ती जर तांब्याची असेल तर वीज तिकडून आत शिरते आणि लॅन पोर्टजवळची चिप जाते, कधी अशी जाते की ती बोर्डाची ३.३ व्होल्टची लाइनच शॉर्ट करून ठेवते. फायबर असेल तरी राउटरपासून कॉम्प्युटरपर्यंतची शेवटची वायर तांब्याचीच असते आणि राउटरचा अॅडॉप्टर लाइटवरच असतो. तुमचा राउटर चालू आहे का? त्याचे लॅनचे दिवे लागतात का? राउटरपण गेला असेल तर संशय तिकडे जास्त. अशा वेळी मेन सप्लाय चालू ठेवून, पॉवर बटण न दाबता दोन मिनिटांनी लॅन पोर्टजवळच्या छोट्या चौकोनी चिपला बोट लावून बघतात, चटका बसण्याइतकी गरम असेल तर समजून जायचं. बोटाने फक्त बोर्डावरची चिप, एसएमपीएसच्या आसपास हात नको.

आता कॅबिनेटच्या आत. केबल काढूनच. प्रोसेसरच्या बाजूला बोर्डाच्या वरच्या कोपऱ्यात ४ किंवा ८ पिनचा, पिवळ्या-काळ्या वायरींचा वेगळा कनेक्टर असतो, तो काढा. २४ पिनचा मोठा तसाच राहू द्या. केबल लावा, बटण दाबा. डिस्प्ले येणार नाही, यायचाही नाही, आपल्याला फक्त पंखा बघायचाय.

पंखा आता न थांबता फिरत राहिला तर आपण खूप जवळ आलो. ह्याचा अर्थ प्रॉब्लेम त्या १२ व्होल्टच्या वाटेवर आहे, म्हणजे प्रोसेसरला व्होल्टेज बनवून देणारे मॉसफेट शॉर्ट आहेत, नाहीतर एसएमपीएस इतका थकलाय की प्रोसेसरचा लोड आला की बसतोय. ह्या दोघांतला फरक साधा मल्टिमीटर सांगतो, दोन-अडीचशे रुपयांचा पिवळा असतो तो चालेल. केबल काढलेली, तो कनेक्टर काढलेला, मीटर बीपवाल्या सेटिंगवर, एक टोक बोर्डाच्या सॉकेटमधल्या १२ व्होल्टच्या, म्हणजे पिवळी वायर बसते त्या पिनला आणि दुसरं काळी वायर बसते त्या पिनला. क्षणभर बीप वाजून थांबली तर काही नाही, ते कपॅसिटर चार्ज होतात. सतत वाजत राहिली तर मॉसफेट गेलेत, इथे तुमच्या रिपेअरवाल्याचं बरोबर निघालं. पण वाजली नाही तर बोर्डावर खापर फोडायचं थांबवा आणि एसएमपीएसकडे वळा. एक लक्षात ठेवा, प्रोसेसरच्या भोवती ज्या चौकोनी कॉइल असतात त्यांच्यावर मीटर लावू नका. तिथे रेझिस्टन्स मुळातच इतका कमी असतो की चांगल्या बोर्डावरही बीप वाजते, आणि त्या बीपवरून चांगले बोर्ड भंगारात काढणारे लोक आहेत आमच्यात.

कनेक्टर काढूनही पंखा तसाच अर्धा सेकंद हलून थांबत असेल तर मग बाकीचं काढत चला. हार्ड डिस्कची पॉवर, एसएसडीची पॉवर, डीव्हीडी असेल तर ती, पुढच्या पॅनेलचा यूएसबी आणि ऑडिओचा कनेक्टर, कॅबिनेटचे जास्तीचे पंखे. पुढच्या यूएसबी पोर्टमध्ये बघाच, आतली पट्टी वाकून पिना एकमेकींना टेकलेल्या असतात, दुकानात लोक चार्जर खुपसतात त्यातून होतं. दरवेळी आधी मेन बंद, मग काढा, मग चालू. काही बोर्ड प्रोसेसरचा कनेक्टर नसला की स्वतःहूनच बंद होतात, तेव्हा सगळं काढूनही पंखा थांबला तर एवढ्यावर निकाल देऊ नका, पुढची एसएमपीएसची टेस्ट करायचीच.

एसएमपीएसची टेस्ट म्हणजे लोक पेपरक्लिपची सांगतात, २४ पिनच्या कनेक्टरमध्ये हिरवी वायर आणि कोणतीही काळी वायर क्लिपने जोडायची आणि मेन चालू करायचा. करा, सोपी आहे, फक्त क्लिप आधी लावा आणि मेन नंतर, आणि सगळ्या वायरी काळ्याच असतील तर अंदाजाने करू नका. पण तिचा अर्थ एकाच बाजूने निघतो. पंखा फिरलाच नाही तर एसएमपीएस बहुतेक गेला, बहुतेक अशासाठी की महागड्या काही एसएमपीएसचा पंखा लोड नसताना मुद्दाम थांबलेला असतो. आणि पंखा फिरला तर काहीच सिद्ध होत नाही, बिनलोडचा एसएमपीएस मरता मरताही फिरतो. मीटरने मोजलं तर १२ च्या लाइनवर ११.४ ते १२.६, ५ च्या लाइनवर ४.७५ ते ५.२५ च्या आत पाहिजे, तेही लोडवर मोजलं तरच अर्थ.

म्हणून खरी टेस्ट एकच, दुसरा चालू असलेला एसएमपीएस लावून बघणं. मित्राच्या, शेजारच्या दुकानाच्या मशीनचा तासाभरासाठी आणा, कॅबिनेटमध्ये स्क्रू मारायची गरज नाही, बाजूला टेबलावर ठेवून फक्त २४ पिन आणि प्रोसेसरचा कनेक्टर जोडा. असेंबल मशीनमध्ये कनेक्टर सारखेच असतात, मोठ्या कंपन्यांच्या तयार डेस्कटॉपमध्ये मात्र कनेक्टर वेगळा असू शकतो, तिथे ओढूनताणून बसवू नका. एक सांगतो, मॉसफेटवाली बीप सतत वाजली असेल तर उसना एसएमपीएस लावूच नका.

एसएमपीएसचं झाकण मात्र उघडायचं नाही. २३० व्होल्ट आत जाऊन डीसी झाले की ३२५ होतात, काही प्रकारांत ४०० च्या आसपास, आणि केबल काढल्यावरही मोठ्या कपॅसिटरमध्ये बसून राहतात. पंख्याच्या जाळीतून टॉर्च मारून बघा, नाकाने वास घ्या. जळका वास असेल किंवा आत पाल अडकलेली दिसली (कोकणात हे अगदी कॉमन आहे, ऊब असते म्हणून शिरतात) तर तिथेच विषय संपला, नवीन घ्या.

माझ्याकडे विजेनंतर अशा तक्रारीची मशीन येतात त्यात एसएमपीएस गेलेला जास्त सापडतो, विशेषतः कॅबिनेटसोबत फुकट आलेला असला तर. त्याच्यावर ४५० वॅट लिहिलेलं असतं पण स्टिकर नीट वाचा, १२ व्होल्टच्या खाली १४-१५ अँपिअर लिहिलेले असतील तर तिथे खरे १७०-१८० वॅटच मिळतात. आय-थ्रीला तेवढे पुरतात हो, पण आतला मालही त्याच दर्जाचा असतो ना. नवीन घ्यायचा झाला तर स्टिकरवर १२ व्होल्टला किती अँपिअर ते बघून घ्या, बाहेरचा मोठा आकडा बघून नको, आणि वॉरंटी किती वर्षांची आहे ते विचारा.

दुसऱ्या एसएमपीएसवरही तसंच झालं, सगळं काढलेलं असताना, तर मग मी म्हणेन बोर्ड. त्यातही एकदा बोर्ड कॅबिनेटमधून बाहेर काढून पुठ्ठ्यावर ठेवून बघतो मी, मागे एखादा स्क्रू पडलेला असतो किंवा मुंग्यांनी वारूळ केलेलं असतं. आणि बोर्डच निघाला तर लगेच प्रोसेसर टाकून देऊ नका. तुमचा प्रोसेसर एलजीए १२०० सॉकेटचा (सॉकेट म्हणजे बोर्डावर प्रोसेसर बसतो ती जागा), तसे नवीन बोर्ड आता कमी मिळतात म्हणून तुमचा रिपेअरवाला बोलला असेल की दोन्ही बदला. पण मुंबईत लॅमिंग्टन रोडला, पुण्यात, कोल्हापुरातसुद्धा चिप लेव्हलला काम करणारे आहेत, मॉसफेट किंवा लॅनची चिप बदलणं त्यांना जमतं. जमेलच असं नाही, विजेने जळलेला बोर्ड कधी एका जागी थांबत नाही, आज केला महिन्याने परत आला असंही होतं. मॉसफेट शॉर्ट झाला असेल तर १२ व्होल्ट थेट प्रोसेसरला गेलेले असू शकतात, म्हणून आधी प्रोसेसर दुसऱ्या बोर्डावर चालतो का ते बघून घ्यायचं, मगच रिपेअरला पैसे घालायचे. प्रोसेसर चांगला असेल तर सेकंडहँड बोर्ड, नसेल तर मग नवीन जनरेशन. नवीन घेताना डीडीआर-४ (तुमच्या रॅमचा प्रकार) चालणारा बोर्ड घेतला तर तुमची रॅम तरी वाचेल.

बाकीच्यांसाठी पटकन, कारण प्रत्येकाची तक्रार हीच नसणार. बटण दाबून काहीच हलत नसेल, पंखाही नाही, तर बोर्डावर पुढच्या पॅनेलच्या पिना असतात त्यातल्या पॉवर स्विचच्या दोन पिना स्क्रूड्रायव्हरने क्षणभर टेकवा, चालू झालं तर फक्त बटण खराब. सकाळी थंड असताना चारपाचदा दाबावं लागतं आणि दिवसभर मग नीट चालतं, हे एसएमपीएसमधल्या स्टँडबायच्या, म्हणजे त्या जांभळ्या लाइनच्या, कपॅसिटरचं म्हातारपण, तो भाग कॉम्प्युटर बंद असतानाही चालू असतो म्हणून आधी थकतो. पंखे फिरतात, दिवे लागतात पण डिस्प्ले नाही, तिथे रॅम एकेक करून बघा, मॉनिटरची केबल बोर्डाला आहे की ग्राफिक्स कार्डला ते बघा, प्रोसेसरच्या नावात शेवटी एफ असेल तर बोर्डाच्या पोर्टमधून चित्र येणारच नाही. नवीन डीडीआर-५ वाली मशीन पहिल्यांदा चालू करताना काही मिनिटं काळा पडदा दाखवतात, घाबरून बंद करू नका. आणि लोगो येतो पण विंडोज येत नाही, तो वेगळाच विषय, तिथे एसएमपीएस-बोर्ड बघायचीच गरज नाही, डिस्क बघायची. बोर्डावरची नाण्याएवढी सीआर २०३२ बॅटरी सगळे आधी बदलतात, पण ती संपली तर बहुतेक वेळा तारीख-वेळ चुकते, मशीन बंद पडत नाही.

तुम्ही शेवटी एका ओळीत लिहिलं होतं की कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या येतात. ते मला बाकी सगळ्यापेक्षा जास्त खटकलं. बहुधा तुमच्या सॉकेटला अर्थिंग नाही, किंवा वायर आहे पण खाली मातीपर्यंत पोचलेली नाही. एसएमपीएसच्या तोंडाशी फिल्टर असतो, त्यातले छोटे कपॅसिटर फेज आणि न्यूट्रलला कॅबिनेटशी जोडतात, अर्थिंग असेल तर ते करंट जमिनीत जातं, नसेल तर कॅबिनेट साधारण ११५ व्होल्टवर तरंगत राहतं. करंट बारीक असतं म्हणून नुसत्या झिणझिण्या. पण ह्याचाच अर्थ असा की वीज आली तेव्हा तिला जमिनीत जायला वाट नव्हती, आणि तुमचा स्पाइक गार्ड अर्धा बिनकामाचा होता, कारण त्यातलं बरंचसं संरक्षण जास्तीचा झटका अर्थमध्ये सोडून काम करतं. नवीन एसएमपीएस लावायच्या आधी वायरमन बोलवा. मीटरने न्यूट्रल आणि अर्थमध्ये मोजायला सांगा, दोन-तीन व्होल्टच्या आत पाहिजे. फेज आणि अर्थमध्येही मोजायला सांगा, तिथे २३० च्या आसपास दिसले पाहिजेत. आणि पावसाळ्यात विजा सुरू झाल्या की बटण बंद करून भागत नाही, सॉकेटमधून पिन उपटायची, लॅनची पण.

राहिला टॅलीचा डेटा. तो एसएसडीवर आहे आणि बोर्ड जाऊ दे नाहीतर एसएमपीएस, डेटा तसाच असण्याची शक्यता चांगली आहे, फक्त विजेने डिस्कचंही नुकसान झालेलं असू शकतं म्हणून खात्री आजच करा. एसएसडी साटाची असेल, म्हणजे चपट्या वायरने जोडलेली, तर साटा ते यूएसबी केबल घ्या आणि कोणाच्याही लॅपटॉपला लावा. बोर्डावरच चिकटलेली लांबट असेल तर तिचं वेगळं एन्क्लोजर (यूएसबीने जोडायची डबी) मिळतं, घेताना एसएसडी सोबत न्या. ड्राइव्ह उघडली की टॅलीच्या फोल्डरमध्ये डेटा नावाचं फोल्डर शोधा, टॅली प्राइम असेल तर बहुतेक वेळा युजर्सच्या आत पब्लिक नावाच्या फोल्डरमध्ये सापडतं. आत नुसत्या आकड्यांच्या नावाची फोल्डर असतील, प्रत्येक म्हणजे एक कंपनी. ती सगळी पूर्ण कॉपी करा. ड्राइव्ह लावल्यावर रिकव्हरी की मागितली तर बिटलॉकर (विंडोजचं ड्राइव्हला लावलेलं कुलूप) चालू होतं, तुम्ही विंडोजला जो मायक्रोसॉफ्टचा आयडी दिलाय त्या अकाउंटमध्ये लॉगिन करून बहुतेक वेळा की मिळते. 'फॉरमॅट करायचं का' असं विचारलं तर नाही म्हणा आणि काढून ठेवा. आणि मशीन कोणाकडे रिपेअरला देणार असाल तर एसएसडी काढून घेऊन द्या, पॉवरची तक्रार तपासायला त्याला तिची गरज लागत नाही.